लॉमध्ये पीएचडी करायचीय? फी नंतर विचारा, आधी हे विचारा

"ताई, लॉमध्ये पीएचडीला फी किती लागते?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. कुणी बार रूममधे विचारतं, कुणी लग्नात पंगतीला बसल्यावर विचारतं, आणि मी दरवेळी सांगते की बाबा फी हा यातला सगळ्यात लहान आकडा आहे, ती पावतीवर छापलेली असते, ती कुठं पळून जात नाही. जो खर्च पावतीवर येत नाही तोच माणसाला खातो. आणि दुसरा प्रश्न, जो कुणीच विचारत नाही, तो म्हणजे तिथं आधीपासून कोण पोरं-पोरी आहेत, आपल्यासारखं त्यात कुणी आहे का, आणि आत गेलेल्यांपैकी किती बाहेर पडले.

मी अंबाजोगाईची. सहा वर्षं कोर्टात उभी राहिले, मग संभाजीनगरला खोली करून पीएचडीला लागले, चार वर्षं म्हणता म्हणता पाच झाली, मधे एक बाळंतपण झालं. तर जे ठेच लागून कळलं ते लिहायलेय, क्रम जरा मागंपुढं होईल, चालवून घ्या.

आधी हे ठरवा की पीएचडी पाहिजेच का

हसू नका, खरंच. पुष्कळ जण पीएचडीला येतात ते लॉ कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायचं म्हणून. पण विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, जुलै २०२३ ला नियम बदलला, आता असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट (देशाची पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची) एवढं पुरतं, पीएचडी असली तर चांगलं पण सक्ती नाही. म्हणजे एलएलएम झालंय आणि नुसती नोकरीच पाहिजे असेल तर पाच वर्षं घालवायच्या आधी नेट-सेटला बसा. सेट आपल्याकडं पुणे विद्यापीठ घेतं, त्यात लॉ हा विषय आहे. नेटमधे लॉचा कोड ५८, दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० मार्क, तीन तास, आणि चुकलेल्याचे मार्क कापत नाहीत, त्यामुळं एकही गोल रिकामा सोडू नका. (आता नोकरी निघतात किती आणि सीएचबीवर तासावारी किती जण घासायलेत, तो वेगळाच विषय, त्याच्यात मी पडत नाही, नाहीतर हे कधी संपणार नाही.)

अजून एक घोटाळा निस्तरून टाकते. कुणाचा तरी भाचा अमेरिकेत "लॉमध्ये डॉक्टर" झाला असं ऐकू येतं. तिकडं जेडी म्हणून डिग्री असते, नावात डॉक्टर आहे पण ती वकिलीची पहिलीच डिग्री, ग्रॅज्युएशननंतर तीन वर्षांची, आपल्या एलएलबीसारखी. संशोधनाची डॉक्टरेट तिकडं वेगळी असते, एसजेडी किंवा जेएसडी म्हणतात. पण त्या जेडीवाल्यांची एक गोष्ट मला फार आवडली. तिथल्या बार असोसिएशनच्या ५०९ नंबरच्या नियमाप्रमाणं प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला दरवर्षी एक तक्ता जाहीर करावाच लागतो, त्यात फी किती, राहण्याचा अंदाजे खर्च किती, किती जणांना किती मदत मिळाली, बाया किती, पुरुष किती, कुठल्या वंशाचे किती, मधेच सोडून गेलेले किती, सगळं एका ठिकाणी. आपल्याकडं लॉ पीएचडीचा असा तयार तक्ता मिळत नाही, तुकडे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले असतात. ते गोळा करून आपला तक्ता आपणच बनवायचा, बास, एवढंच सांगायला हे सगळं लिहायलेय.

कुठं करायची, आत कसं शिरायचं

मराठवाड्यात पर्याय मोजके. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव या चार जिल्ह्यांना बाबासाहेबांच्या नावाचं विद्यापीठ, १९५८ चं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीला १९९४ ला झालेलं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. तिसरी २०१७ ला सुरू झालेली संभाजीनगरची महाराष्ट्र नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी, तिथली फी आणि एकूण हवाच वेगळी. जिल्ह्याप्रमाणंच जावं लागतं असं काही नाही, पण गावाजवळ असण्याचा पैशातला फायदा पुढं सांगते.

एलएलएमला ५५ टक्के लागतात, एससी, एसटी, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएसला ५० चालतात. आधी सगळीकडं विद्यापीठाची स्वतःची पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, असायची. २०२४-२५ पासून यूजीसीनं सांगितलं की नेटचाच स्कोर प्रवेशाला धरा. नेटच्या निकालात आता तीन पायऱ्या आहेत, वरची जेआरएफ (म्हणजे दरमहा पैसे मिळणारी संशोधन फेलोशिप), मधली असिस्टंट प्रोफेसर अधिक पीएचडी, आणि खालची फक्त पीएचडी प्रवेशापुरती. खालच्या दोन पायऱ्यांना नेटच्या मार्कांचं वजन ७० आणि मुलाखतीचं ३०, आणि हा स्कोर प्रवेशासाठी एकच वर्ष चालतो, हे लक्षात नाही ठेवलं तर परत फॉर्म भरायची पाळी येते. तुमचं विद्यापीठ यंदा पेट घेतंय का नेटवर भरतंय हे त्या वर्षीच्या नोटिफिकेशनमधेच बघा, सिनियरनं सांगितलेलं दोन वर्षं जुनं असतं. नेटचा फॉर्म अलीकडं ओपनला ११५०, ओबीसी-ईडब्ल्यूएसला ६००, एससी-एसटी-दिव्यांगला ३२५ असा होता.

आणि नॉन-क्रिमीलेअर, जातीची व्हॅलिडिटी, ईडब्ल्यूएसचा दाखला हे जाहिरात आल्यावर काढायला पळू नका. तहसीलला सर्व्हर डाउन असतोच. माझ्याबरोबरचा एक बंजारा मुलगा, घनसावंगीकडच्या तांड्यावरचा, मार्कात माझ्या वर होता, त्याचं नॉन-क्रिमीलेअर मार्चएंडला संपलं होतं हे त्याला मुलाखतीच्या टेबलावर कळलं.

आता खर्च, म्हणजे खरा खर्च

एक वही करा, त्यात तीन रकाने पाडा. पहिल्यात विद्यापीठाला जाणारं: फॉर्म, रजिस्ट्रेशन, दरवर्षीची फी, कोर्सवर्कची (सुरुवातीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमाची) फी, लायब्ररी डिपॉझिट, मुदतवाढ लागली तर तिची फी, थिसिस सबमिशनची फी. शेवटच्या दोन्ही प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही म्हणून आधीच विचारून ठेवा, आणि तोंडी नको, सर्क्युलर मागा.

दुसऱ्यात जगायला लागणारं. माझ्या वहीतलंच सांगते. खोलीत माझा वाटा ३,०००, मेस २,८००, रिक्षा-झेरॉक्स-रिचार्ज-गावाकडं येणंजाणं धरून १,५००, म्हणजे महिन्याला ७,३००. मी ५२ महिने तिथं काढले, गुणाकार करा, ३,७९,६०० होतात. यात दवाखाना नाही, सणवार नाही.

तिसरा रकाना सगळ्यात मोठा आणि तोच सगळे रिकामा सोडतात, तो म्हणजे बुडालेली कमाई. कोर्टात मला खर्च वजा जाता महिन्याला १५,००० सुटत होते, पाच वर्षांचे ९ लाख झाले. शिवाय पक्षकार एकदा दुसऱ्या वकिलाकडं गेला की परत येत नाही, त्याचा तर हिशोबच नाही. त्याच्यापुढं विद्यापीठाची फी म्हणजे चहापाणी वाटायला लागतं.

मग पार्टटाइम करावी का? करता येते, यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत परवानगी आहे, नोकरी असेल तर ऑफिसचं ना-हरकत लागतं आणि त्यात कोर्सवर्कसाठी सोडू असं लिहिलेलं पाहिजे. पण फेलोशिप घेणाऱ्याला पूर्णवेळच करावी लागते, इथं गोम आहे. घरचं बरं असेल, प्रॅक्टिस चालत असेल तर पार्टटाइम, नसेल तर फेलोशिपच्या मागं लागून फुलटाइम, असा सरळ हिशोब. ऑनलाइन किंवा डिस्टन्स पीएचडी म्हणून कुणी पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा, तसल्या पीएचडीला यूजीसीची परवानगीच नाही.

वाचवायच्या जागाही आहेत. सुप्रीम कोर्टाचे निकाल कोर्टाच्याच ई-एससीआर या वेबसाइटवर २०२३ पासून फुकट मिळतात, त्यासाठी महागडं सबस्क्रिप्शन घेऊ नका. सरकारी विद्यापीठात असाल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शनमधून २०२५ पासून मोठ्या प्रकाशकांचे जर्नल उघडता येतात, लायब्ररीत जाऊन लॉगिन मागा, बऱ्याच ठिकाणी दिलेलं असतं आणि पोरांनाच माहीत नसतं. पेपर छापायला पैसे मागणाऱ्या जर्नलच्या नादी लागू नका, २०२२ च्या नियमांत थिसिस देण्याआधी पेपर छापायची सक्ती यूजीसीनं काढलीय. तुमच्या विद्यापीठानं ती स्वतःची म्हणून ठेवलीय का तेवढं बघा.

विषय निवडताना पण पैसा वाचतो. माझी एक मैत्रीण दिल्लीतल्या कुठल्या तरी ट्रिब्युनलवर विषय घेऊन बसली आणि रेल्वेच्या तिकिटातच मेटाकुटीला आली. आपल्या उंबऱ्यात विषय पडलेत हो. १९५० चा हैदराबाद कूळकायदा अजून आपल्या जमिनींच्या केसेसमधे डोकं वर काढतो, इनामी आणि वक्फच्या जमिनी आहेत, जायकवाडीच्या पाण्याच्या समन्यायी वाटपाचा २००५ च्या कायद्यातला वाद आहे, बीडच्या ऊसतोड बायांचा प्रश्न आहे, पीकविमा आहे. फील्डवर्क लालपरीनं होतं, आणि उर्दू-मोडी वाचणारं घरात कुणी म्हातारं असेल तर तुम्ही पुण्यामुंबईच्या पोरांच्या दहा पावलं पुढं आहात.

फेलोशिप

नेट जेआरएफ मिळाली तर प्रश्नच मिटला. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,०००, नंतर ४२,०००, वर घरभाडं, आणि पुस्तकं-प्रवासाला कंटिन्जन्सी पहिली दोन वर्षं वर्षाला १०,०००, पुढं २०,५००. वयाची अट ३० आहे, पण एलएलएमवाल्यांना तीन वर्षांची सूट आहे हे पुष्कळ वकिलांना ठाऊकच नसतं, बाया, एससी, एसटी, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी आणि दिव्यांगांना पाच वर्षं.

जेआरएफ नसेल तर राज्याच्या संस्था: एससीसाठी बार्टी, मराठा-कुणबीसाठी सारथी, ओबीसी-व्हीजेएनटी-एसबीसीसाठी महाज्योती. केंद्राच्या एससी, एसटी, ओबीसीच्या वेगळ्या नॅशनल फेलोशिप आहेत. आईबापाची एकुलती एक मुलगी असाल तर यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे, तिला अर्ज करायचं बऱ्याच पोरींना सुचतच नाही. अल्पसंख्याकांची मौलाना आझाद फेलोशिप मात्र २०२२-२३ पासून बंद केली, आमच्या लायब्ररीतल्या दोन मुस्लिम पोरींचा हिशोब त्या एका निर्णयानं कोलमडला, एक शिकवण्या घेऊन टिकली, दुसरी परभणीला परत गेली.

राज्याच्या फेलोशिप म्हणजे हक्काचा पगार असं धरून चालू नका. २०२३ ला या तिन्ही संस्थांना प्रत्येकी २०० ची मर्यादा घातली तेव्हा आधी रजिस्ट्रेशन करून बसलेली पोरं आंदोलनाला बसली होती. आणि मंजूर झाली तरी पैसा दरमहा येत नाही, माझ्या ओळखीच्या एकाचा हप्ता आठ महिने अडकला, तोवर मेसवाल्या काकूंनी उधारीवर जेवू घातलं. म्हणून पहिल्या सहा-आठ महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच गाव सोडा.

"पीएचडी करून काय दिवे लावणार" हे घरीदारी ऐकावं लागतं, त्याच्यावर माझ्याकडं उपाय नाही.

वर्गात कोण आहे ते कसं बघायचं

आता मुद्द्यावर येते. काहींना वाटतं की बाकीचे कोण आहेत त्याच्याशी आपल्याला काय करायचंय. पण लॉची पीएचडी एकट्यानं होत नाही. कोर्सवर्कच्या नोट्स, फॉर्मची शेवटची तारीख, गाईडचा मूड, हॉस्टेलची रिकामी कॉट, हे सगळं सोबतच्यांकडून कळतं. ज्यांच्या घरात तीन पिढ्या वकिली आहे त्यांना हे फोनवर कळतं, ज्यांच्या घरात एलएलबी करणारे आपणच पहिले त्यांना कुणीतरी आपलं लागतं. आमच्या विद्यापीठात तर हे जास्तच जाणवतं, ज्या गेटवरच्या नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत लढा झाला तिथून आत जाताना कोण आत आहे आणि कोण नाही हे डोळे आपोआप मोजतात. येमेनची पोरं दिसायची, तांड्यावरची दिसायची, लॉच्या पीएचडीत बाया मात्र शोधाव्या लागायच्या.

पहिली जागा एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारचं शिक्षणसंस्थांचं रँकिंग. रँकिंगला अर्ज करणाऱ्या संस्थेला आपला डेटा वेबसाइटवर टाकावा लागतो, तो पीडीएफ उघडा, रँक सोडून द्या, खालचे तक्ते वाचा. मुलं-मुली किती, राज्याबाहेरचे किती, परदेशी किती, सामाजिक आणि आर्थिक दुर्बळ घटकातले किती, आणि पूर्ण फी माफी किती जणांना मिळाली हे त्यात असतं. पीएचडीला फुलटाइम किती, पार्टटाइम किती, आणि गेल्या तीन वर्षांत किती जण पास होऊन बाहेर पडले हे पण असतं. शंभर आत आणि वर्षाला दोन बाहेर असं दिसलं की समजून घ्या.

दुसरी जागा शोधगंगा ही वेबसाइट, देशातल्या विद्यापीठांचे पुष्कळ थिसिस तिथं फुकट. लोक त्यात विषय बघतात, तुम्ही आधी पहिली दहा पानं बघा. प्रमाणपत्राच्या आसपास बहुतेक वेळा रजिस्ट्रेशनची तारीख सापडते आणि कव्हरवर सबमिशनचं साल, वजाबाकी केली की त्या गाईडकडं साधारण किती वर्षं लागतात ते निघतं. मग ऋणनिर्देश वाचा. तिथं माणूस खरं बोलतो, कुणाचे आईवडील शेतमजूर होते, कुणाला सासऱ्यांनी शिकवलं, कुणी नोकरी सांभाळून केलं, कुठली फेलोशिप होती. एकाच गाईडचे चार-पाच ऋणनिर्देश वाचले की त्या माणसाकडं कसली पोरं टिकतात ते कळतं. प्रॉस्पेक्टस वाचून हे कळत नाही.

गाईडचं गणित पण इथंच सांगते. प्रोफेसरकडं जास्तीत जास्त आठ, असोसिएटकडं सहा, असिस्टंटकडं चार. लॉच्या जागा आधीच रिकाम्या, त्यात निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे आरक्षणाची टक्केवारी कागदावर कितीही असो, एससी १३, एसटी ७, व्हीजेएनटी मिळून ११, ओबीसी १९, एसबीसी २, वर एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस दहा-दहा, पण लॉमध्ये जागाच पाच निघाल्या तर त्या पाचांत हे कसं बसवलं तेच विचारायचं असतं.

बायांसाठी दोन-तीन गोष्टी वेगळ्या. पीएचडीची मुदत कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं, पुन्हा नोंदणी करून आठपर्यंत, बायांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवस रजा मिळते. मला ही रजा कुणी सांगितली नाही, मीच नियम छापून नेला, टेबलावर ठेवला, मग "अर्ज द्या" म्हणाले. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलात तरी तुमचं संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं, तशी तरतूद आहे, "आता लग्न झालं, सोडून दे" म्हणणाऱ्यांना ती दाखवा.

आणि जे कुठंच सापडत नाही त्यासाठी माहितीचा अधिकार

वकील असून पोरं आरटीआय टाकायला कचरतात. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, किंवा राज्याच्या आरटीआय पोर्टलवर ऑनलाइन टाका. दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही दहा रुपये माफ. महाराष्ट्राच्या नियमानं अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे, त्यामुळं भाषण नको. नावं मागू नका, खाजगी माहिती म्हणून नाकारतील, आकडे मागा. मी असं लिहिलं होतं:

"विधी विषयातील पीएचडीसाठी मागील पाच शैक्षणिक वर्षांत, वर्षनिहाय: (१) उपलब्ध व भरलेल्या जागा, प्रवर्गनिहाय. (२) प्रवेश घेतलेल्या महिला व दिव्यांग संशोधकांची संख्या. (३) पूर्णवेळ व अर्धवेळ संख्या. (४) पदवी मिळालेल्यांची व नोंदणी रद्द झालेल्यांची संख्या. (५) नोंदणीपासून पदवीपर्यंत आकारल्या जाणाऱ्या सर्व शुल्कांच्या परिपत्रकाची प्रत."

जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावानं पाठवा, पोचेचा शिक्का मारलेली आपली प्रत (ओसी) घ्या, तीस दिवस मोजा. नाही आलं तर वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील, तेही तीस दिवसांच्या आत. जाहिरात निघायच्या दोन-तीन महिने आधी टाका म्हणजे उत्तर हातात असताना फॉर्म भरता येतो.

मला उत्तर आलं ते सव्विसाव्या दिवशी, दीड पानाचं. शुल्काचं परिपत्रक जोडलेलं होतं, त्यात सबमिशन फी बघून मी वहीतला पहिला रकाना खोडून परत लिहिला. महिलांच्या पुढं त्या वर्षाला १ असा आकडा होता. ती कोण म्हणून मी लायब्ररीत विचारत गेले, तिसऱ्या दिवशी सापडली, केजची निघाली, म्हणजे माझ्या गावापासून तासाभराच्या आतली. कुठल्या गाईडकडं जायचं आणि कुणाकडं चुकूनही नाही हे तिनंच सांगितलं. तिला खोलीत पार्टनर पाहिजेच होती. पुढं ती सबमिट करून जाईपर्यंत आम्ही एकत्र राहिलो, ती गेल्यावर तिच्याच कॉटवर परभणीहून परत आलेली एकजण आली. म्हणून वर वहीत खोलीचे ३,००० लिहिलेत, एकटीला ६,००० पडले असते.